विश्रांतीची पाच मिनिटं

इलेक्ट्रोड सैल नव्हता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला नाही, आणि ज्यांच्या संशोधनातून त्या दिवशीची नोंद माझ्या शब्दावर बाद झाली त्या आमच्या मॅडमनाही नाही. मी मुळात कमी बोलतो. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक खरं बोलणारा समजतात, आणि त्या समजाचा फायदा मी बरीच वर्षं घेत आलो आहे.

उज्जैनमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये इन्स्ट्रक्टर आहे. वडील बँकेच्या बदलीवर नाशिकहून इथे आले आणि इथलेच झाले. माझा जन्मही इथलाच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. बायको माझ्याशी हिंदीत बोलू लागली की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण मॅडम शिकवायला आल्या. त्यांचं पीएच.डी.चं काम चालू होतं आणि त्यासाठी त्यांना दुपारनंतर माझी लॅब हवी असे. विषय ऐकून मला आधी हसूच आलं. माणसाच्या डोक्यावर किती भार आहे, त्याचं लक्ष किती गुंतलंय, हे त्याला न विचारता त्याच्या शरीरावरून मोजायचं.

"पूछ ही लीजिए ना, मैडम," मी म्हटलं.

"सर, पूछो तो आधे लोग रोने लगते हैं और आधे बोलते हैं, बस, चल रहा है," त्या म्हणाल्या. "दोनों से मेरा ग्राफ नहीं बनता."

छातीवर तीन चिकट इलेक्ट्रोड, डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या, कानाला हेडफोन, एवढाच सरंजाम. पहिल्यांदा त्यांनी स्वतःचाच आलेख मला दाखवला तेव्हा मी चक्रावलो. माझी समजूत अशी की निरोगी हृदय घड्याळासारखं चालतं. जन्मभर सर्किटं दुरुस्त केलेल्या माणसाची दुसरी काय समजूत असणार? पण निवांत बसलेल्या माणसाचं हृदय तसं चालतच नाही. श्वास आत घेतला की ठोके जरा जवळ येतात, सोडला की लांबतात. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं कमीजास्त होत राहतं, झोपाळा हलावा तसं. आणि त्याच माणसाला सांगा, हजारातून सात-सात वजा करत जा, की ते झुलणं आखडतं. ठोके एकसारखे पडू लागतात, वर्गात मुख्याध्यापक येऊन उभे राहिल्यासारखे. बोटांचं आणखी निराळं. काही अनपेक्षित कानावर पडलं की सेकंद-दोन सेकंदांत बोटांना घामाचा नुसता अंश येतो. डोळ्यांना दिसत नाही, चोळून पाहिलं तरी लागत नाही, पण पट्टीतून जाणारी वीज तेवढ्यानंही वाढते आणि पडद्यावरची रेघ वर उचलली जाते.

यंत्रांमध्ये माझं आयुष्य गेलं, पण एखाद्या यंत्रासमोर हात जोडावेसे वाटले ते तेव्हाच. आणि मॅडमबद्दल तर विचारूच नका. निष्कर्ष काढायची त्यांना अजिबात घाई नसे. मी कधी उत्साहानं म्हणायचो, म्हणजे हा मुलगा घाबरलाय. त्या मला थांबवत. "ये माइंड रीडिंग नहीं है, सर. जिसने दो कप कॉफी पी ली उसकी रेखा भी ऊपर ही जाएगी." मग त्या खरोखरच त्या मुलाला कॉफीबद्दल विचारून येत.

पद्धत अशी होती. आधी पाच मिनिटं विश्रांती. समोरच्या भिंतीवरच्या खुणेकडे पाहत नुसतं बसायचं. त्यावरून त्या माणसाचा पाया ठरायचा. मग वजाबाकी, आणि ती करता करताच हेडफोनमधल्या एकसारख्या आवाजांत वेगळा आवाज आला की बटण दाबायचं. शेवटी पुन्हा विश्रांती. विद्यार्थी पुष्कळ मिळाले. एक तर विश्रांतीतच घोरायला लागला आणि त्याची रेघ इतकी सुंदर आली की मॅडमनी त्याला उठवलंच नाही. पण पन्नाशीच्या आसपासच्या बायका मिळेनात.

"सर, भाभीजी को ले आइए ना," त्या एक दिवस म्हणाल्या.

आता बायकोबद्दल सांगायला हवं. ती गावाबाहेरच्या भैरवगढला, छपाईवाल्यांच्या वस्तीत, चादरी, ओढण्या, साड्या छापून घेते आणि विकते. फ्रीगंजमधल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. भैरवगढला तिच्याबरोबर मी पुष्कळदा गेलोय, स्कूटर चालवायला. वाळत घातलेल्या कापडांमधून ती बोलत बोलत चालते. फोनवर एखादं गिऱ्हाईक असतं, हातात पिशवी असते, आणि चालता चालता ती थांबते.

"ये वाली, भैया. बीच में ठप्पा सरक गया है."

"कहाँ, भाभीजी?" छपाईवाले आपल्या जागेवरून म्हणतात. "आपको तो सपने में भी सरका हुआ दिखता होगा."

"सपने में तो आपका पूरा थान टेढ़ा था. मैंने कुछ कहा?"

ते हसत हसत येतात, वाकून पाहतात आणि ती चादर मुकाट्यानं बाजूला काढतात. मी त्याच चादरीसमोर उभा असतो, आणि मला काहीही दिसलेलं नसतं. फोनवरचं गिऱ्हाईकही तुटलेलं नसतं. तिनं जिकडे लक्ष द्यायचं ठरवलं तिकडची एकही गोष्ट तिच्यापासून सुटत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मॅडमनी हे विचारलं त्याच्या दोन वर्षं आधी तर तिचा धंदा रंगात आला होता. नागपूर, पुण्याच्या प्रदर्शनांत ती स्टॉल लावू लागली होती. दोन-तीन दिवस जायची आणि परत आली की आठवडाभर तिकडच्या बायकांच्या गोष्टी सांगायची.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी टावर चौकात आम्ही साबुदाण्याची खिचडी खात उभे होतो. माझ्या छातीत कळ आली, दरदरून घाम सुटला, आणि मी तिथल्याच एका दुकानाच्या पायरीवर बसलो. तिनं मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राम काढले, ठेवून घेतलं, गोळ्या सुरू केल्या आणि पुढची तपासणी इंदूरला करून या म्हणाले. इंदूरच्या दिवशी तिच्याकडे एका लग्नघरची माणसं साड्या पाहायला यायची होती. मीच म्हटलं, मी एकटा जाऊन येतो.

इंदूरच्या डॉक्टरांनी मला फिरत्या पट्ट्यावर चालवलं, आडवं करून हृदयाचं चित्र पाहिलं आणि सांगितलं, हृदयाला काहीही झालेलं नाही. पित्ताचा त्रास होता. गोळ्या बंद करा, शेव कमी खा, पुन्हा यायची गरज नाही.

परतीच्या बसमध्ये मला हलकं वाटलं. अर्धा रस्ता मागे पडेपर्यंत ते हलकेपण ओसरलं आणि त्याच्या जागी एक चमत्कारिक उदासी आली. दवाखान्यातून आल्यापासून बायको माझ्याकडे जशी पाहत होती तशी ती फार वर्षांत पाहत नव्हती. रात्र कशी गेली, हे विचारायची. उत्तर पूर्ण ऐकायची. झोपताना माझ्या पाठीवर तळवा ठेवायची. मी कधी काही मागणारा माणूस नाही, आणि हे न मागता मिळालं होतं. उद्यापासून ते बंद होणार होतं. नानाखेड्याच्या स्टँडवर उतरलो आणि रिपोर्ट कचऱ्याच्या डब्यात टाकला.

ती दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

"गोळ्या नकोत म्हणाले. पण हृदय नाजूक आहे. जपावं लागेल."

"रिपोर्ट?"

"त्यांच्याकडेच ठेवून घेतला."

गोळ्या बंद झाल्या होत्या, त्यामुळे उपचार म्हणून उरलं ते फक्त तिचं लक्ष. आणि ते तिनं दिलं. बाथरूमची कडी लावू नका म्हणाली. जिन्यात माझी पावलं रेंगाळली की आतून हाक यायची, "अहो, काय झालं?" मी झोपेत खोकलो तर तिची कूस बदललेली मला कळायची. नागपूरचा स्टॉल तिला मिळाला होता, तो तिनं सोडला. पुण्याला पुढे विचारलंच नाही.

"जाऊन ये ना," मी एकदा म्हटलं.

"जाऊन काय करू? लक्ष सगळं इकडे. गिऱ्हाइकाला चादर दाखवायची आणि उशीचा अभ्रा समजून घडी घालायची." ती हसली. मीही हसलो. सांगायला ती वेळ चांगली होती. अशा चांगल्या वेळा पुष्कळ आल्या. खोटं जितकं जुनं होत गेलं तितकं ते काढणं अवघड वाटू लागलं, आणि खरं सांगायचं तर मला ते काढायचंही नव्हतं. मला बरं वाटत होतं.

असं सगळं चालू असताना मी तिला लॅबमध्ये घेऊन गेलो. तिनं मॅडमसाठी चिवड्याचा डबा नेला होता.

"मुझे करना क्या है?" तिनं खुर्चीत बसता बसता विचारलं.

"पहले पाँच मिनट तो कुछ भी नहीं करना है, भाभीजी."

"लो, सबसे मुश्किल काम पहले ही दे दिया."

इलेक्ट्रोड मीच लावले. स्पिरिटनं त्वचा पुसली, कडा अंगठ्यानं दाबून घेतल्या, तारांना हलकासा हिसका देऊन पाहिला. मग मी आणि मॅडम लाकडी पार्टिशनच्या मागे जाऊन पडद्यासमोर बसलो. लॅबमध्ये ए.सी. जोरात होता आणि मला अधूनमधून खोकला येत होता.

पहिल्या पाच मिनिटांतच मॅडमच्या कपाळाला आठी पडली. हेडफोनमध्ये एकही आवाज नव्हता आणि बोटांची रेघ मध्येच वर उचलली जात होती. ठोक्यांचं झुलणं तर जवळजवळ नव्हतंच. मग वजाबाकी सुरू झाली. तिनं ती भराभर केली आणि वेगळा आवाज एकदाही सोडला नाही; मॅडम मान हलवत राहिल्या. मात्र हृदय विश्रांतीत होतं त्यापेक्षा जेमतेमच आखडलं. शेवटच्या विश्रांतीत माझा मोबाईल थरथरला. कॉलेजच्या स्टोअरमधून फोन होता. मी पाय न वाजवता बाहेर गेलो, बोललो, परत आलो, घसा साफ केला आणि बसलो.

ती स्टाफरूममध्ये चहा प्यायला गेल्यावर मॅडमनी सगळी नोंद पुन्हा पडद्यावर घेतली.

"सर, ये देखिए. रेस्ट में ये क्या है? कोई टोन नहीं, और रेखा उठ रही है. दो बार पास-पास, फिर एक बार, फिर दो बार. और बाद वाले रेस्ट में तो यहाँ से सब एकदम टाइट. फिर यहाँ अपने आप खुल गया."

मी पाहिलं. दोनदा लागोपाठ, मग एकदा, मग पुन्हा दोनदा. माझा खोकला तसाच आला होता. मोबाईल काढून स्टोअरच्या फोनची वेळ पाहिली आणि पडद्यावरची वेळ पाहिली. मी दाराबाहेर पडलो तिथे तिचे ठोके ताठ झाले होते, आणि परत येऊन घसा साफ केला तिथे सुटले होते. मध्ये पार्टिशन होतं, तिच्या कानांवर हेडफोन होते, नजर भिंतीवरच्या खुणेवर होती. तरी मी खोलीत आहे की नाही हे तिच्या शरीराला ठाऊक होतं. काही करू नका म्हणून दिलेल्या पाच मिनिटांत ती मला ऐकत बसली होती.

लाज नंतर वाटली. आधी मी नुसता थक्क झालो. माणूस दुसऱ्या माणसाकडे इतकं लक्ष देऊ शकतो, आणि ते असं रेघेवर दिसू शकतं, हे दोन्ही मला एकदमच कळलं. त्या रेघेइतकं सुंदर त्या यंत्रातून दुसरं काही निघालेलं मी पाहिलेलं नाही. मग ध्यानात आलं की हे सगळं मला न झालेल्या आजारासाठी चाललंय. वजाबाकीनं तिचा भार वाढला नाही, कारण भार आधीच तिथपर्यंत चढलेला होता. आणि तो मी चढवला होता.

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या.

"इलेक्ट्रोड ढीला होगा," मी म्हटलं. "ए.सी. में जेल सूख जाता है."

"आपने लगाया और ढीला?"

"हो जाता है कभी."

"उँगली की पट्टी भी?"

"वो भी."

कॉफीबद्दल विचारायला जाणाऱ्या मॅडम माझ्या शब्दापुढे थांबल्या आणि त्यांनी नोंद बाद केली. "कोई बात नहीं सर. भाभीजी को फिर बुला लेंगे."

दोन-चार दिवसांनी बायको आणि मी पुढच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होतो. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, मग चालत एकमेकांसमोर यायचं आणि एकानं आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची.

"मॅडमचा फोन आला होता," ती म्हणाली. "तुमचा इलेक्ट्रोड ढिला निघाला म्हणे."

"हं."

"तुमचा? शर्टाचं बटण लावताना तीन गाठी मारता तुम्ही."

"होतं कधी."

"चला, म्हणजे तुम्हीही चुकता. मॅडमना सांगते, फोटो काढून लावा लॅबमध्ये." तिनं चादर ताणली. "विचारत होत्या, झोप लागते का नीट. म्हटलं, मस्त लागते. आता त्यांना काय सांगायचं, हे खोकले की मी उठून बसते म्हणून? तुम्हालाच वाईट दिसेल, कॉलेजात."

मी माझी टोकं घेऊन तिच्यासमोर आलो होतो. ती तिच्या हातात देताना म्हणालो, "माझ्या हृदयाला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. पित्त होतं. इंदूरच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं."

तिनं टोकं घेतली. घडी पूर्ण केली. वरून हात फिरवला.

"तेव्हा म्हणजे नागपूरच्या आधी."

"आधी."

"नक्की काहीच नाही? आत्ताही?"

"काहीच नाही."

ती खाली गठ्ठ्यावर बसली. "बरं झालं," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. तिचा राग झेलायची तयारी मी थोडीफार केली होती. ती आधी सुटकेनं रडेल, हे मला सुचलंही नव्हतं. तेवढा वेळ मी तिथे उभा राहिलो. हात कुठे ठेवावेत ते कळेना.

राग संध्याकाळी आला. "पित्त," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "दो साल मैं पित्त की चौकीदारी कर रही थी." त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात हिंदीच चाललं. खाना रखा है. दूध ले आना.

दुसऱ्यांदा ती लॅबमध्ये एकटी गेली. मी त्या दिवशी रजा घेतली आणि इलेक्ट्रोड मॅडमनीच लावले. नंतर त्यांनी मला सांगितलं, "इस बार सब बढ़िया था, सर. बेसलाइन थोड़ा नीचे आया है, पर है ऊँचा ही. कुछ लोगों का होता है." मी मान डोलावली. तिला बातमी मिळाली होती. शरीराला ती अजून पोचायची होती. आजही मी खोकलो की ती जागी होते. फक्त आता डोळे न उघडता म्हणते, "पित्तच आहे ना? झोपा."

या हिवाळ्यात ती नागपूरला गेली. पहिल्याच दिवशी साड्या संपल्या. फोनवर तिचा आवाज पूर्वीसारखा धावत होता.

"सगळ्या विचारतायत, इतके दिवस होतात कुठे?"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, घरी आजारपण होतं."

फोनमध्ये प्रदर्शनातला गलका ऐकू येत होता, आणि ती वाट पाहत होती असं मला अजून वाटतं. मी म्हटलं, "जेवलीस का?"

डॉक्टर काय म्हणाले, कधी म्हणाले, रिपोर्टचं काय केलं, हे तिनं मला एकेक करून विचारलं आहे. मी तसं का केलं, हे मात्र विचारलेलं नाही. तिच्या नजरेतून ते सुटलं असेल, यावर माझा विश्वास नाही. ते मी आपण होऊन सांगावं म्हणून तिनं जागा सोडून ठेवली आहे. इथे लिहिणं त्यामानानं सोपं गेलं.

मॅडमना मला सांगायचं आहे की त्यांची पहिली नोंद बरोबर होती. आणि बायकोला, समोर बसून, मी खोटं का बोललो ते सांगायचं आहे. ही दोन्ही देणी माझ्याकडे अजून बाकी आहेत.